‘डा’ अक्षराची बाटली

“आमच्याबरोबर तेव्हा एक महाराष्ट्रीय तरुण काम करीत असे. हात कुशल, स्वभाव तापट. तंबाखूतील निकोटीन प्रयोगशाळेत घडवण्याचे काम त्याच्याकडे होते. ते साधेना, तेव्हा मी पानातून काढून ठेवलेले निकोटीन त्याने आपल्या बाटलीत भरले, बाटलीवर स्वतःच्या हाताने ‘डान’ असे लिहिले, आणि निसर्गात न सापडणारे उजवे निकोटीन आपल्याला मिळाले असे सरांना सांगून तो रजेवर गेला. मी ती बाटली पोलरिमीटरमध्ये तपासली. ते डावे निघाले, तंतोतंत पानातल्यासारखे. बिचाऱ्याला डावे-उजवेही सांभाळता आले नव्हते. आम्ही कोणीही त्याला दुखावले नाही. तो आपण होऊन गेला. आज त्याची आठवण येते ती रागाने नव्हे, करुणेने.”

हा उतारा आमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या स्मरणिकेतला आहे. मूळ बंगाली, भाषांतर माझे, आणि ते करताना मी एकही शब्द माझ्या सोयीने वाकवलेला नाही. ‘डान’ तेवढा मुद्दाम तसाच ठेवला आहे. बंगालीत डान म्हणजे उजवे. त्या शब्दाकडे मी शेवटी वळणार आहे.

हे लिहिणारे गृहस्थ त्या काळी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करीत. पुढे ते त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि स्मरणिका छापून यायच्या आधी वारले. ती मला माझ्या पुतण्याने आणून दिली. त्याला बंगाली माझ्यापेक्षा चांगले वाचता येते, मराठी मात्र तो अडखळत बोलतो. तो म्हणाला, “काका, ते गेले आता. सोडून दे ना.” मोठ्यांना ‘अहो’ म्हणायचे असते हे इथे कलकत्त्यात वाढलेल्या मुलांच्या जिभेवर चढत नाही, ते मी कधीच सोडून दिले आहे. हे सोडणार नाही. मेलेल्या माणसाशी भांडू नये हा संकेत मला ठाऊक आहे. परंतु ज्याच्यावर करुणा करायची तो याच शहरात, एका ट्रामच्या अंतरावर, इतकी वर्षे राहत होता. त्याला एकदा विचारून मग करुणा करायला हरकत नव्हती.

तेव्हा आम्ही एकमेकांना ‘तुई’ म्हणत असू, म्हणजे अरे-तुरे. आता मी त्यांना ‘ते’ म्हणतो. हे अनेकवचन आदरार्थी नाही, अंतरार्थी आहे.

त्यांनी मला नुसते चोर म्हटले असते तर मी हा कागद हाती घेतला नसता. चोरीचा आळ ऐकून मी या वयापर्यंत पोहोचलो आहे. पण क्षमा! न केलेल्या गुन्ह्याची क्षमा छापून आली की तो गुन्हा कायमचा सिद्ध होतो, कारण क्षमेवर अपील नसते.

वडील नागपूरचे. रेल्वेत बदली होऊन ते इथल्या गार्डन रीचच्या मोठ्या कचेरीत आले आणि आम्हाला नदीकाठी क्वार्टर मिळाले. स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांनी ते गेले. थोरला भाऊ त्याच कचेरीत लागला, म्हणून क्वार्टर टिकले. आणि मी रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आलो होतो म्हणून मला सियालदहजवळच्या त्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून घेतले. घरात आई, भाऊ आणि मी. बाहेर बंगाली आणि हिंदी, घरात मराठी, आणि प्रयोगशाळेत बंगाली, हिंदी, इंग्रजी यांची खिचडी. तेव्हाचे प्रमुख, आमचे सर, बोलत ते मात्र स्वच्छ, सावकाश बंगाली. इंग्रजी ते फक्त लिहिण्यासाठी वापरीत.

काम काय होते ते आधी सांगतो, कारण ते नीट कळल्यावाचून माझ्यावरचा आळही नीट कळणार नाही.

निकोटीन हे तेल आहे. ताजे असताना पाण्यासारखे स्वच्छ असते. उघडे ठेवले तर काही दिवसांत चहासारखे तपकिरी होते. त्याच्या रेणूत दोन कड्या असतात, एक सहा अणूंची, दुसरी पाच अणूंची, आणि त्या एका ठिकाणी जोडलेल्या. त्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश पाठवला तर त्याचे प्रतल वळते. पानातले निकोटीन त्याला डावीकडे वळवते. पृथ्वीवरच्या कोणत्याही तंबाखूच्या शेतातून आणा, डावीकडेच. प्रयोगशाळेत घडवलेले मात्र कोणत्याच बाजूला वळवीत नाही, कारण त्यात निम्मे रेणू डावे आणि निम्मे त्यांचे आरशातले प्रतिबिंब, म्हणजे उजवे, तयार होतात आणि एकमेकांना निष्प्रभ करतात. दोघांना वेगळे करणे हे खरे कसब. वेगळे झाले की डावा भाग हुबेहूब पानातल्यासारखा वागला पाहिजे, आणि उजवा भाग असा, जो कोणत्याही पानात सापडत नाही.

ही वाट मी शोधलेली नव्हती. युरोपातले लोक त्या वाटेने आधीच जाऊन आले होते. पण त्यांच्याकडे थंड हवा होती. कलकत्त्याच्या मे महिन्यात ईथरची बाटली उघडली की अर्धे ईथर आपल्या अंगावरून निघून जाते, आणि सोडियम वापरून करायची कोरडी प्रक्रिया आषाढात करणे म्हणजे नदीत उभे राहून अंग पुसणे. तीन वेळा माझे मिश्रण हवेतल्या ओलीने नासले. एकदा आम्लासह बंद करून तापवलेली काचेची नळी फुटली. तिची खूण माझ्या डाव्या मनगटावर आहे. “हात कुशल” असे त्यांनी लिहिले आहे, ते त्या मनगटाला विचारून लिहिले असते तर बरे झाले असते.

बर्फ आणण्याचे काम शेजारच्या टेबलावरच्या या गृहस्थांचे. ते बराकपूरहून गाडीने सियालदहला उतरत. त्या काळी फलाटावर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे चूल मांडून राहत असत. त्यांच्यामधून वाट काढीत ते बाहेर येत आणि घाऊक मासळीबाजारातून गोणपाटात बर्फ बांधून आणीत. त्या बर्फाला भुसा आणि इलिश माशाचे खवले चिकटलेले असत.

“घे बर्गी,” ते म्हणत, “तुझ्या तंबाखूला इलिशचा वास लागला तर माझ्या नावाने छाप.”

बंगालवर स्वारी करणाऱ्या मराठी घोडेस्वारांना इकडे बर्गी म्हणतात; लहान मुलांना अजून त्यांच्या नावाने भीती घालतात. प्रयोगशाळेत माझे तेच नाव पडले होते.

“लाटसाहेब,” मी म्हणे, कारण जुन्या काळी लाटसाहेबांचा बंगला बराकपुरात होता, “तुमच्या बर्फावर प्रजा राहत होती, तिला आधी खाली उतरवा.”

“तुमच्या आजोबांनी आमचं भात लुटलं, आता नातू आमचा बर्फ लुटतोय. खानदान सुधारलं नाही!”

मी हसत असे. ते थट्टेचे बोलणे होते आणि मी ते थट्टेनेच घेतले. स्मरणिका वाचताना मात्र लुटीचा तो विनोद मला वेगळा ऐकू आला.

त्यांचे स्वतःचे काम होते पानातून निकोटीन काढणे. एका तंबाखूच्या गोदामातून देठ आणि भुकटी पोत्यांनी येई; त्यातून ते चुना घालून, वाफ सोडून तेल काढीत. त्यांच्या लेखात पुढे एक वाक्य आहे की त्यांच्या बाटलीतली पातळी खाली गेली होती. गेलीच होती! मी ती सर्वांच्या देखत खाली नेली होती. मला घडवायला जे आम्ल लागे, ते बाजारात मिळेना. म्हणून त्यांच्या निकोटिनावर नायट्रिक आम्ल घालून, तपकिरी धुरात डोळे चोळीत, मी त्याची पाच अणूंची कडी जाळून टाकी. उरलेल्या सहा अणूंच्या कडीपासून मिळे ते आम्ल. मग त्यावर नवी पाच अणूंची कडी पहिल्यापासून बांधायची. त्यांचे निकोटीन हा माझा कच्चा माल होता. ते स्वतः मोजपात्र धरून मला ओतून देत.

हे मी आईला एकदा समजावून सांगितले. आईचे टोमणे त्या घरात प्रसिद्ध होते. प्रयोगशाळेतल्या वासाने माझे कपडे इतके भरलेले असत की ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राही. आई मला व्हरांड्यातच सदरा उतरवायला लावी. पहिल्या महिन्यात तिने माझे तोंड उघडून पाहिले होते, तंबाखू खायला लागलो की काय म्हणून. ती स्वतः मिश्री लावीत असे. नागपूरहून कोणी आले की डबी यायची, आणि डबी संपली की इथल्या गुळमट तंबाखूला, गुडाकूला, नावे ठेवीत ती दिवस काढी.

“म्हणजे होतं तेच तू मोडतोस,” ती म्हणाली, “आणि मोडून परत तेच करतोस.”

“हो.”

“आणि त्याला नोकरी म्हणतात?”

“परत करतो ते तेच नसतं, आई. निम्मं डावं असतं, निम्मं उजवं.”

“मग तुम्हा दोघा भावांसारखंच. एकाने केलं की दुसऱ्याने बिघडवायचं, आणि घर जागच्या जागी.” आणि मिश्रीची डबी बंद करीत, “एवढं सगळं करतोस तर चिमूटभर मिश्री करून आण की. निम्मी उजवी चालेल मला.”

डावे आणि उजवे वेगळे करायला मला पावसाळ्यानंतरचा सगळा काळ लागला. टार्टारिक आम्लाबरोबर त्याचे स्फटिक करायचे. डाव्याचे आधी पडतात. ते गाळून घ्यायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा पाडायचे. उजवे खाली राहणाऱ्या रसात उरते, आणि त्या उरलेल्या रसातून ते काढणे हे फार चिकट, फार कंटाळवाणे काम. अखेर दोन तपकिरी काचेच्या बाटल्या भरल्या. भरल्या म्हणजे एकीत चहाचे दोन चमचे, दुसरीत जेमतेम एक.

आता लेबलांविषयी. सरांचा नियम होता की लेबल इंग्रजीत लिहावे, आणि तो नियम मोडण्यात सगळे सारखेच पटाईत होते. आमच्या या बराकपूरच्या लाटसाहेबांच्या प्रत्येक बाटलीवर बंगाली अक्षरे होती. मी एकदा विचारले तर म्हणाले, “देश आता आमचा आहे, बाटलीही आमची.” मलाही तो मुद्दा पटला. देश माझाही होता. शिवाय आमच्या कामात इंग्रजी खुणांचा एक खास घोटाळा होता: डावे निकोटीन आम्लात मिसळून त्याचा क्षार केला की तो क्षार प्रकाशाला उजवीकडे वळवतो, आणि मग कोणती खूण तेलाची, कोणती क्षाराची, यावर दर आठवड्याला वाद. म्हणून मी डोळ्यांना दिसले ते माझ्या भाषेत लिहायचे ठरवले. तेल डावीकडे वळले, त्या बाटलीवर ‘डा’. उजवीकडे वळले, त्या बाटलीवर ‘उ’. वहीतही तेच. पक्की इंग्रजी प्रत नागपूरला जाऊन परत आल्यावर लिहिणार होतो.

पोलरिमीटर, म्हणजे प्रकाश किती वळला ते मोजायचे यंत्र, पाहण्यासाठी खिडक्यांना काळे कापड लावलेली एक खोली होती. पिवळा दिवा लावायचा, नळी ठेवायची, आणि डोळा लावून चकती फिरवायची. गोलाचे दोन्ही अर्धे सारखे अंधूक झाले की वाचन घ्यायचे. त्या दिवशी दुपार उतरली होती. ‘डा’चा आकडा पानातल्या निकोटिनाशी असा जुळला की मी चकती तीनदा मागेपुढे करून पाहिली. मग ‘उ’. चकती उजवीकडे गेली. आकडा थोडा कमी होता, कारण ते अजून पुरते शुद्ध नव्हते; पण दिशेला शुद्धतेची गरज नसते. मी साहेबांना हाक मारली. ते जिन्यावर होते.

“उद्या बघतो रे बर्गी, माझी गाडी जाईल!”

त्यांची गाडी. ते ती कधी चुकवीत नसत. त्या एका गाडीमुळे उजवे निकोटीन या देशात, माझ्या माहितीप्रमाणे, फक्त एका माणसाने पाहिले, आणि तो माणूस मी.

सरांना मी जाऊन सांगितले, “दोन्ही मिळाली सर. उजवेसुद्धा.” ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी आईला सांगितले, “आज उजवं मिळालं.” ती म्हणाली, “म्हणजे चांगलंच की रे.” दुसऱ्या दिवशी वडिलांच्या श्राद्धासाठी आम्ही नागपूरला निघालो. लेखात त्याला ‘रजा’ म्हटले आहे.

आठ दिवसांनी परतलो. माझ्या टेबलाशी कोणी आले नाही. साहेब खिडकीशी उभे होते; बर्गी म्हणाले नाहीत. शिपायाने सर बोलावतात म्हणून सांगितले.

सर मला नेहमी ‘तुमि’ म्हणत, म्हणजे जवळिकीचे तू. त्या दिवशी ते ‘आपनि’ म्हणाले. बंगालीत वडीलधारा माणूस ‘तुमि’वरून ‘आपनि’वर गेला की समजावे, दार लागले. पुढचे बोलणे मी जसेच्या तसे देतो. मी ते मनात इतक्या वेळा घोळवले आहे की त्यात आता चूक व्हायला जागा नाही.

“बाटलीवर जे लिहिले आहे, ते आपणच लिहिलेत?”

“हो.”

“विचार करून?”

“हो सर. पाहून.”

“आम्ही पाहिले. बाटली आपण लिहिल्याप्रमाणे वागत नाही.”

“वागते सर. मी तिला वागताना पाहूनच लिहिले.”

“तिचा आकडा पानातल्या निकोटिनाशी जुळतो. पुरता जुळतो.”

“जुळणारच!” मी म्हणालो. “नसता जुळला तर मी फसलो असे झाले असते.”

हे ऐकून त्यांचा चेहरा जो झाला तो मी तेव्हा उद्धटपणाबद्दलचा राग समजलो. आज मला वाटते, त्यांना मी निर्लज्ज वाटलो असेन. माझ्या यशाचा जो पुरावा होता तोच ते माझ्या चोरीचा पुरावा म्हणून समोर ठेवीत होते, आणि मी तो आनंदाने मान्य करीत होतो. ‘डावे’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ‘उजवे’ हाही नाही. एका शब्दाचे काम होते. पण सर सभ्य होते. आरोपीच्या तोंडावर आरोप म्हणणे त्यांना जड गेले.

“दुसरी बाटली पाहा ना सर,” मी म्हणालो.

“दुसरी कोणती? कपाटात ही एकच आहे.”

मी धावत कपाटाकडे गेलो. ‘डा’ होती. ‘उ’ नव्हती. साहेब माझ्यामागे आले होते.

“ती छोटी? काळपट?” ते म्हणाले. “ओटा तो उद्वृत्त! धुऊन टाकली. बाटल्या कुठे आहेत आपल्याकडे?”

‘ओटा तो’ म्हणजे ‘ते तर’. उद्वृत्त हा शब्द बंगालीत रोजच्या वापरातला आहे: उरलेले, जादा. ती बाटली धुऊन उपडी करून ठेवली होती, आणि तिच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब होता. मी तो थेंब पाहत उभा राहिलो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम मोरीतून गेले होते, आणि ज्याने ते ओतले तो मला बाटल्यांच्या टंचाईविषयी सांगत होता.

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ते मराठीत होते, त्यामुळे त्यांना कळले नसावे.

सर म्हणाले, “पुन्हा करून दाखवा. कोणाच्या तरी समोर.”

त्यांच्या मते ही संधी होती. पुतण्याच्याही मते तीच संधी होती. आमच्या घरात कैक वर्षे हीच आवृत्ती चालू आहे की काकांनी पुन्हा करून दाखवले असते तर प्रश्न मिटला असता, पण काका तिरसट. मी याही आवृत्तीला उत्तर देतो. कोणाच्या समोर? ज्याला काम करताना पहारेकरी लागतो त्याचे काम सिद्ध झाले तरी ते पहारेकऱ्याच्या भरवशावर सिद्ध होते. मी दोन ओळींचा राजीनामा लिहिला, सरांच्या टेबलावर ठेवला, आणि दुपारच्या ट्रामने घरी आलो. त्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी नव्हती, कारण आठ दिवसांत कपड्यांचा वास गेला होता.

आईने विचारले, “इतक्या लवकर?”

“सोडली.”

तिने मला सदरा व्हरांड्यात उतरवायला सांगितले नाही.

त्यानंतर गार्डन रीचलाच एका रंगाच्या कारखान्यात मी जवसाचे तेल तपासले, निवृत्त होईपर्यंत. जवसाच्या तेलाला डावे-उजवे नसते. बंगालीत ‘डा’ असे लिहून पुढे टिंबे दिली की ‘डॉक्टर’ असेही वाचतात. बाटलीवर तेवढे अक्षर लिहिण्यापलीकडे माझा त्या पदवीशी संबंध आला नाही.

या सगळ्या वर्षांत मी एक गोष्ट पक्की धरून होतो. साहेबांनी माझी बाटली जाणूनबुजून धुतली. ‘उद्वृत्त’ हा टोमणा होता. बर्गीचे उरलेसुरले काम. या समजुतीवर मी बराच काळ बऱ्यापैकी जगलो. शत्रू असला की माणसाची पाठ ताठ राहते. स्मरणिकेने ती समजूतही काढून घेतली. त्यांचे ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा रागाने पुढे गेलो, दुसऱ्यांदा वाचले तेव्हा थांबलो. “बाटलीवर स्वतःच्या हाताने ‘डान’ असे लिहिले.” मी तसे लिहिले नव्हते. मी ‘डा’ लिहिले होते. उरलेला ‘न’ त्यांनी आणला होता, त्यांच्या भाषेतून.

देवनागरी ‘डा’ आणि बंगाली ‘डा’ कागदावर शेजारी काढून पाहा, बहिणी-बहिणी दिसतात. ‘उ’ आणि ‘उ’ही तशाच. त्यांनी माझे अक्षर आपल्या डोळ्यांनी वाचले. ‘डा’ म्हणजे डान, म्हणजे उजवे, म्हणून त्यांनी ती बाटली उजवी समजून तपासली आणि ती, जशी असायला हवी होती तशी, डावी निघाली. ‘उ’ म्हणजे उद्वृत्त, म्हणून त्यांनी ती ओतून दिली. टोमणा नव्हता. ते लेबल वाचीत होते. वहीतही त्यांना तेच दिसले असणार, आणि डावे वेगळे कुठे ठेवले हा प्रश्न पडला नसणार, कारण डाव्याच्या त्यांच्या स्वतःच्या बाटल्या कपाटात भरलेल्या होत्या.

तेव्हा ते चोर नव्हते, खोटे नव्हते, दुष्टही नव्हते. हे मान्य करायला मला त्यांच्या मृत्यूनंतरचे काही आठवडे लागले आणि ते आठवडे मला आवडले नाहीत. पण चुकून वाचणे वेगळे आणि चुकून वाचून, न विचारता, करुणा करणे वेगळे. पहिल्याला मी आज माफ करतो. दुसऱ्याला नाही. आणि ज्यांनी “डावे” हा एक शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही, त्या सरांच्या सभ्यतेला तर मुळीच नाही.

मी इंग्रजीत लिहिले असते तर, असे पुतण्या म्हणाला. त्यांनी इंग्रजीत लिहिले असते तर, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “पण काका, तुला डान माहीत होतं ना? रोज ट्राममध्ये ऐकत होतास.” माहीत होते. डान दिके, बाँ दिके, म्हणजे उजवीकडे, डावीकडे, रोज. पण बाटलीवर लिहिताना माणूस ट्राममध्ये नसतो. तो एकटा असतो आणि त्याच्या हातात त्याची भाषा येते.

आता त्यांच्या परिच्छेदाला माझे उत्तर. चोरलेले निकोटीन ‘उजवे’ म्हणून खपवण्यासाठी बाटलीवर ‘उजवे’ असे लिहावे लागते. मी लिहिलेले अक्षर त्यांनी आपल्या लेखातच साक्षीला उभे केले आहे, त्यामुळे त्यावर वाद नाही. ते अक्षर ‘डा’ होते. मराठीत ‘डा’ने उजवे सुरू होत नाही, डावे होते.